शार्ङ्गधरोक्त आर्द्र द्रव्ये आणि अंगणातील देशविचार

शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडाच्या पहिल्याच अध्यायात नऊ द्रव्ये अशी सांगितली आहेत की ज्यांचा उपयोग नेहमी ओल्या अवस्थेतच करावा आणि ती ओली आहेत म्हणून त्यांचे मान दुप्पट धरू नये. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारणी ही ती नऊ द्रव्ये होत. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच ही यादी पाठ केली आहे. पुढे दवाखाना थाटल्यावर मात्र तिचे काय होते, हे वैद्यबंधूंना वेगळे सांगावयास नको. बाजारात शतावरी मिळते ती वाळलेली, अश्वगंधा मिळते ती वाळलेली, अडुळशाची पाने मिळतात ती करड्या रंगाचा चुरा झालेली. काष्ठौषधींच्या दुकानदारास यात दोष देता येत नाही. ओले द्रव्य तो किती दिवस ठेवणार? परिणाम असा की जी द्रव्ये ओलीच घ्यावीत असा स्पष्ट निर्देश आहे, तीच आपण सर्रास शुष्क वापरतो आणि गुण कमी आला की योगाला बोल लावतो.

यावर एकच व्यवहार्य उपाय दिसतो. ही द्रव्ये वैद्याच्या वा औषधालयाच्या स्वतःच्या अंगणात असावीत. कोहळ्याच्या वेलाचा विस्तार आणि कुड्याच्या झाडाचा अवधी सोडला, तर बाकीच्यांना फार मोठी जागा लागते असे नाही. अडचण जागेच्या आकाराची नसून जागेच्या स्वभावाची आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रस्तुत लेखकाने पुण्यात घर व दवाखाना एकत्र बांधला तेव्हा मोठ्या हौसेने ही नऊही द्रव्ये मिळवली आणि पश्चिमेकडील कुंपणाच्या भिंतीलगत एका ओळीत लावली. प्रत्येकापुढे पत्र्याची पाटी, तीवर संस्कृत, मराठी व लॅटिन नाव. रुग्ण थांबून वाचत असत, त्यामुळे आनंदही वाटे. दुसऱ्या वर्षीच्या ज्येष्ठापर्यंत त्या ओळीत अडुळसा आणि कोरांटी ही दोनच झाडे उरली. अश्वगंधा श्रावणातच मुळाशी कुजली. शतावरी पिवळी पडली. प्रसारणी चैत्राअखेर करपली. गुळवेलीचे शेंडे भिंतीच्या झळीने वाळत राहिले. जूनमध्ये टाकलेला शेपू पावसाने झोडपला गेला. कुड्याच्या रोपाची पाने शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी होत होत रोप गेले. कोहळा तेवढा फोफावला, आणि शेजारच्यांना झाकून मग स्वतःही फळ न धरता संपला. पाट्या मात्र पुष्कळ दिवस उभ्या होत्या.

आपल्या पुष्कळशा वनौषधी उद्यानांची हीच गत होते, असे फिरताना दिसते. नऊ द्रव्ये नऊ स्वभावांची. त्यांना एकाच ओळीत उभे करणे म्हणजे नऊ प्रकृतींच्या रुग्णांना एकच पथ्य सांगण्यासारखे आहे. चिकित्सेत आपण असे करीत नाही, मग बागेतच का करावे?

देश, आणि देशातील देश

चरकसंहितेच्या कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात जांगल, आनूप व साधारण या तीन देशांची लक्षणे येतात आणि औषधी कोणत्या भूमीतून घ्याव्यात याचे वर्णन येते. भूमी मृदू, स्निग्ध मातीची असावी, नांगर न लागलेली असावी, आणि औषधी अधिक बलवान वृक्षांनी दबलेली नसावी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ३६ व्या अध्यायात भूमिपरीक्षा याहून सविस्तर आहे. खाचखळगे, खडी, वारुळे, स्मशान यांनी युक्त भूमी तेथे वर्ज्य ठरवली आहे आणि महाभूतांच्या आधिक्यानुसार भूमीचे भेद करून विरेचनद्रव्ये कोठून घ्यावीत, वमनद्रव्ये कोठून घ्यावीत, हेही सांगितले आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. संहिताकारांना देश म्हणताना विस्तीर्ण प्रदेश अभिप्रेत होता, चाळीस फुटांचे अंगण नव्हे. ‘घराच्या नैर्ऋत्येचा जांगल कोपरा’ हा शब्दप्रयोग आपण लक्षणेनेच करू शकतो. परंतु ज्या कारणांनी ग्रंथांत देशभेद केला आहे ती कारणे, म्हणजे पाणी किती, वारा कसा, ऊन किती तीव्र, झाडी किती दाट, ही अंगणातही दहा पावलांत बदलतात. न्हाणीघरामागचा कायम ओला पट्टा आणि दुपारी तापणाऱ्या पश्चिम भिंतीचा पायथा यांत जे अंतर आहे ते केवळ फुटांचे नाही. वनस्पतीला जिल्ह्याचे हवामान कळत नाही. तिच्या मुळाशी असलेली ओल आणि पानावर पडणारे ऊन एवढेच तिला कळते.

उन्हाचा विचार

बागकामावरील अनेक पुस्तके परदेशी पुस्तकांवरून तयार झालेली असतात. त्यांत दक्षिणेकडील भिंत सर्वांत उष्ण व उत्तरेकडील सर्वांत थंड, असे ठोकळ विधान असते. लंडनच्या अक्षांशावर ते वर्षभर खरे आहे. महाराष्ट्रात ते अर्धेच खरे आहे, आणि जे अर्धे चुकीचे आहे ते नेमके ग्रीष्मातले आहे.

महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश. त्यामुळे येथे मे महिन्याच्या मध्यास एकदा व जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उलट २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीही तो क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, आणि दहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे सुमारे नऊ फूट पडते. पुण्यात ही मध्यान्ह घड्याळी बाराला न होता साडेबाराच्या सुमारास होते, हे निरीक्षण करताना ध्यानात ठेवावे.

यावरून काही निष्कर्ष निघतात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या दहा फूट भिंतीच्या उत्तरेस चार फूट रुंदीचा वाफा असेल, तर ऑक्टोबरच्या आरंभापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत त्यावर मध्यान्हीचे ऊन पडत नाही. म्हणजे शरदाच्या ऐन भरापासून शिशिरापर्यंत तो वाफा सावलीत असतो. परंतु चैत्र-वैशाखात, जेव्हा सावलीची खरी गरज असते, तेव्हा त्याच वाफ्यावर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन येते आणि मध्यान्हीचे उभे ऊनही येते. उत्तर बाजू म्हणजे बारमाही सावली असे समजून तेथे आर्द्रताप्रिय वनस्पती लावणारा मे महिन्यात फसतो. प्रसारणीच्या बाबतीत दुसऱ्या प्रयत्नात प्रस्तुत लेखक असाच फसला.

दक्षिणेकडील वाफ्याचे वैशिष्ट्य हिवाळ्यात आहे. आश्विनापासून फाल्गुनापर्यंत, दक्षिणेस दुसरी इमारत नसल्यास, त्याला दिवसभर ऊन मिळते. ग्रीष्मात मात्र दक्षिण व उत्तर वाफ्यांत फारसा भेद उरत नाही. त्या ऋतूत भेद असतो तो पूर्व व पश्चिम यांत. पूर्वेकडील वाफ्याला सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारनंतर घराची सावली येते. पश्चिमेकडील वाफ्याला सकाळ सावलीत जाते, आणि जमीन व हवा दोन्ही तापलेल्या असताना थेट ऊन लागते. वर भिंत सूर्यास्तानंतरही उष्णता सोडीत राहते. तीच पश्चिम व नैर्ऋत्य बाजू आषाढात मोसमी वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाचे फटकारे खाते. वैशाखात सर्वांत रूक्ष आणि आषाढात सर्वांत ओली अशी ही अंगणातील सर्वांत कठीण जागा आहे, आणि नेमकी तीच जागा बहुतेक घरांत मोकळी असल्यामुळे औषधी तेथे लावल्या जातात.

आदानकाल व विसर्गकाल हे शब्द आपण ऋतुचर्या सांगताना दररोज उच्चारतो. अंगणाची परीक्षाही याच दोन कालांत स्वतंत्रपणे करावी. मकरसंक्रांतीच्या सुमारास, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, मेच्या मध्यास आणि सप्टेंबरच्या अखेरीस असे चार दिवस निवडावेत. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा व चार वाजता सावलीच्या कडेला खुंट्या ठोकून त्यांचा कागदावर नकाशा काढावा. या कामाला वर्ष लागते. ज्यास वर्षभर थांबणे जड जाते त्याने निदान रोपे कुंड्यांत ठेवून ठिकठिकाणी हलवून पाहावीत आणि मगच जमिनीत लावावीत.

पाणी व माती

पुण्यात वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. परंतु अंगणातील प्रत्येक जागेला तो सारखा मिळत नाही. उताराच्या छपराच्या वळचणीखाली जेथे पागोळ्या गळतात तेथे छपरावरचे सारे पाणी एका रेषेत येते. त्याच्या आतील, भिंतीलगतचा दीड-दोन फुटांचा पट्टा भर पावसातही कोरडा राहू शकतो. गच्चीच्या घरांत हेच काम पन्हळीचा नळ करतो आणि जेथे तो सुटतो तेथे खड्डा पडतो. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारल्यास पाणी कोठे थांबते व कोठून वाहते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर कळते.

निचरा पाहण्यासाठी एक फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत गेले तर निचरा चांगला समजावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर त्या जागी मूळ वापरावयाची एकही औषधी लावू नये, किंवा लावायचीच तर निदान फूटभर उंचीचा गादीवाफा करावा.

मातीच्या बाबतीत घरालगतच्या जागेचा एक दोष सहसा ध्यानात येत नाही. बांधकामाच्या वेळचा सिमेंट, चुना व विटांचा राडारोडा भिंतीच्या पायथ्याशीच पुरलेला असतो. त्याने माती क्षारधर्मी होते, झाडाला लोह घेता येत नाही, आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आमच्या कुड्याचे नेमके हेच झाले होते. त्या वेळी आम्ही ती पाण्याची कमतरता समजून पाणी वाढवीत गेलो. संशयित मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकावेत. जोराने बुडबुडे आले तर चुना आहे असे समजावे. आपल्याकडच्या काही काळ्या जमिनींत मुळातच चुनखडी असते, तेथेही बुडबुडे येतील; पण झाडाच्या दृष्टीने परिणाम तोच. अशा जागी दोन फूट माती काढून पोयट्याची माती व कुजलेले शेणखत भरण्यावाचून गत्यंतर नाही.

नऊ द्रव्यांची जागा

अडुळसा हा या नवांतील सर्वांत सोशिक. पावसाच्या आरंभी फांदीचे तुकडे खोवले तरी जगतो, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून खेड्यांतून तो कुंपणाला लावण्याची जुनी रीत आहे. वर वर्णिलेली पश्चिम बाजू त्यालाच द्यावी. तेथे तो तगतोच आणि दुपारची झळ अडवून आतल्या बाजूस थोडी सौम्य जागाही निर्माण करतो. सावलीत वाढलेल्या अडुळशाचे पान मोठे व पातळ, उन्हातल्याचे लहान व जाड असते. ज्यांनी पुटपाकाने वासास्वरस काढला आहे त्यांना दोन्हींतून निघणाऱ्या रसातील फरक हाताला कळतो. दोन्हीकडे एकेक झाड ठेवून पाहावे, मात्र एकाच रुग्णासाठी पाने एकाच झाडाची वापरावीत.

कोरांटी, म्हणजे पिवळ्या फुलाचा काटेरी सहचर, हीसुद्धा याच रूक्ष बाजूस, खडकाळ मुरमातदेखील येते. येथे एक सावधगिरी हवी. केरळात सहचर म्हणून जी वनस्पती वापरतात ती वेगळी आहे. ती कारवीच्या कुळातील असून तिला दाट सावली व ओल लागते. तिकडच्या तैलग्रंथांवरून किंवा तिकडून रोप आणून आपल्या पश्चिम भिंतीला लावाल, तर ते जगणार नाही. नाव एक असले तरी द्रव्य दुसरे असू शकते आणि जागाही दुसरी.

गुळवेलीस मुळाशी सावली व ओल आणि शेंड्याला ऊन, अशी दुहेरी अपेक्षा असते. जंगलात ती झाडाच्या बुंध्याशी उगवून माथ्यावर चढते ती याचसाठी. अंगणात निंब असेल तर दुसरा विचारच नको. निंबावरील गुळवेलीस आपल्या परंपरेत जो मान आहे तो सर्वश्रुत आहे. निंब नसल्यास पूर्वेकडे भिंतीपासून फूट-दीड फूट अंतरावर तारांचा मांडव करून द्यावा, तापणाऱ्या भिंतीवर थेट चढवू नये. अंगठ्याएवढे जाड खोड होण्यास दोन-तीन वर्षे लागतात, तोवर कात्री लावण्याचा मोह टाळावा. बेणे आणताना खोड निरखून पाहावे. ज्या खोडावर ठळक चामखिळींसारख्या गाठी दाट आहेत ती तिची भगिनी जाती असण्याचा संभव असतो आणि ती औषधात घेऊ नये. बेणे एकदा चुकले की पुढे वर्षानुवर्षे स्वतःच्या हातून चुकीचे द्रव्य दिले जाते, आणि ‘आमच्या अंगणातले’ या विश्वासामुळे संशयही येत नाही.

अश्वगंधेचा स्वभाव तिच्या प्रदेशावरून कळतो. देशात तिची मोठी लागवड मध्य प्रदेशातील मंदसौर व नीमच भागात होते, आणि व्यापारात ‘नागोरी’ हे नाव राजस्थानातील नागौरवरून आले आहे. हे सारे कोरडे प्रदेश. तिला उगवण्यापुरता पाऊस हवा आणि मूळ भरण्यासाठी कोरडा, उन्हाचा हिवाळा हवा. म्हणून जूनमध्ये पेरणे ही पहिली चूक आणि सखल जागेत पेरणे ही दुसरी. पुण्याच्या बाजूस पावसाचा जोर ओसरल्यावर, श्रावणाच्या उत्तरार्धात, दक्षिणेकडील गादीवाफ्यात बी टाकावे. बी त्या वर्षीचे असावे. पुढे पाणी बेतानेच द्यावे. माघात पाने वाळू लागतात, फळे तांबडी होतात, तेव्हा मूळ काढावे. ताज्या मुळाला येणारा घोड्याचा गंध ज्याने एकदा अनुभवला त्याला बाजारातील जुन्या मालाची पारख आपोआप येते. कोकणातील वैद्यबंधूंना मात्र हे सहज साधणार नाही. जेथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथे उघड्यावरची अश्वगंधा पावसाळी लावू नये; दसऱ्यानंतर, छपराखालच्या कुंडीत वाढवून उन्हात आणावी.

शेपू, म्हणजे शतपुष्पा, याच दक्षिण वाफ्यातील सोबती आहे. कार्तिकात टाकावा, महिन्या-दीड महिन्यात भाजीजोगा होतो, बी धरण्यासाठी काही रोपे राखावीत. याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

शतावरीची जागा निवडताना बहुतेकांची फसगत होते, कारण वरचा वेल कोठेही हिरवा दिसतो. परीक्षा जमिनीखाली असते. विरळ सावली, सकाळचे ऊन, भुसभुशीत व निचऱ्याची माती हे तिला मानवते. आमच्याकडे ईशान्येस शेवग्याच्या झाडापासून चार फुटांवर उंच गादीवाफ्यात ती उत्तम आली. शेवग्याची सावली विरळ असते, आणि बलवान वृक्षाने औषधी दबू नये हा चरकोक्त संकेतही पाळला जातो. आंब्याखाली लावलेल्या शतावरीची मुळे काढ्यांच्या जाडीचीच राहिली. दोन वर्षे पूर्ण होऊ द्यावीत आणि नंतर वाफ्याच्या एकाच बाजूने खणावे. झुपका जिवंत राहतो व पुढल्या वर्षी दुसरी बाजू मिळते. घराच्या पायाजवळ मात्र लावू नये. खणताना पंचाईत होते.

कुड्याचे झाड लावणारा वैद्य बहुधा पुढच्या पिढीसाठी लावतो. साल घेण्याजोगा बुंधा होण्यास अनेक वर्षे जातात, आणि साल सभोवार काढली तर झाड मरते; उभ्या, अरुंद पट्टीत काढावी किंवा छाटलेल्या फांदीची घ्यावी. ऊन, मुरमाड निचरा आणि चुन्यापासून दूर अशी जागा त्याला द्यावी. औषधालयांच्या दृष्टीने या झाडाचा तात्कालिक उपयोग वेगळाच आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ ही जुनी व्यथा. पांढऱ्या कुड्याच्या लांब शेंगांची जोडी टोकाशी सुटी असते, काळ्याची कोवळेपणी टोकाशी जुळलेली असते. पांढऱ्याचे बी, म्हणजे इंद्रजव, कडू, तर काळ्याच्या बियांना बाजारात गोडे इंद्रजव म्हणतात. दारातच खरे झाड असले की दुकानात काम करणाऱ्या मुलालासुद्धा सालीची चव व रंग यांची तुलना करता येते.

कोहळ्यास ऊन, खत आणि पसरण्यास जागा हवी. जमिनीवर तो शेजाऱ्यांना झाकतो, म्हणून मूळ अंगणात आणि वेल गच्चीवर किंवा मांडवावर चढवावा. जूनमध्ये बी लावावे. फळावर पांढरी पूड दाट धरली की ते जून झाले असे समजावे. कूष्मांडपाकासाठी तेच घ्यावे, भाजीचे कोवळे फळ नव्हे.

कृत्रिम आनूप

आर्द्रताप्रिय औषधी कोरड्या प्रदेशात वाढवताच येत नाहीत असे नाही. त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी व अकोला जिल्ह्यातील अकोट या भागांत पानपिंपरीची, म्हणजे पिप्पलीची, लागवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वास्तविक पिप्पली ही दमट वनांतील वेल आणि हा भाग उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापणारा. तेथील पानमळेवाल्यांनी पांगारा, हदगा यांसारखी झाडे दाट लावून, त्यांच्या सावलीत वेल चढवून, वारंवार पाणी देऊन मळ्याच्या आत निराळाच देश निर्माण केला. मळ्यात शिरताच झळ थांबते. आधी वेल लावून मग सावलीची व्यवस्था पाहायची, असे तेथे कोणी करीत नाही. सावलीची झाडे आधी, वेल नंतर.

अंगणात हेच लहान प्रमाणात करता येते. अडुळशाचे कुंपण, त्याच्या आत हदगा किंवा शेवगा, त्याखाली वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन, आणि जवळ स्वच्छ पाण्याची सोय. असा आठ-दहा फुटांचा कोपरा तयार झाला की तेथे पिप्पली, हळद, आले व प्रसारणी यांना जागा होते. शेडनेटची जाळीही चालते, पण ती ऊन अडवते. हवेतील ओल टिकवण्याचे जे काम झाडे व पालापाचोळा करतात ते एकट्या जाळीने होत नाही.

स्वच्छ पाणी हा शब्द मुद्दाम वापरला आहे. अंगणातील सर्वांत ओली जागा बहुधा मोरीच्या पाण्याची असते आणि ब्राह्मी लावायची झाल्यास तीच प्रथम सुचते. ब्राह्मी तेथे जोमाने वाढतेही. परंतु ब्राह्मी, म्हणजे बॅकोपा, पाण्यातील व चिखलातील कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू शोषून स्वतःत साठवते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी तिचा उपयोग करता येईल का, असाही अभ्यास झाला आहे. जी वनस्पती पाण्यातील मळ ओढून घेते ती मोरीवर वाढवून लहान मुलांना मेध्य म्हणून द्यावी, यासारखा विपर्यास नाही. तिला टाकीच्या सांडणाऱ्या पाण्यावर किंवा रुंद, उथळ कुंडीत लावावे. रस्त्याला लागून असलेला किंवा गाडी उभी राहते तो पट्टाही पानांच्या औषधींस वर्ज्य समजावा. मोरीच्या पाण्यावर केळ व शोभेची कर्दळ लावावी आणि त्यांचाही औषधी उपयोग करू नये.

ब्राह्मीच्या नावाचा घोळ याच जागी निस्तरता येतो. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका असा स्पष्ट भेद आहे. आपल्याकडील पुष्कळ रोपवाटिका मात्र मंडूकपर्णीच ब्राह्मी म्हणून देतात. बॅकोपाची पाने लहान, मांसल, देठ जवळजवळ नसलेली. ती उन्हात, उभ्या पाण्याच्या काठाला खूश असते. मंडूकपर्णीचे पान लांब देठावर, मूत्रपिंडाच्या आकाराचे. तिला ओल हवी पण विरळ सावलीही हवी, आणि भर उन्हात तिची पाने आखडतात. दोन्ही शेजारी दोन कुंड्यांत ठेवल्या की विद्यार्थ्यांना व दुकानातील नोकरांना पुन्हा सांगावे लागत नाही.

नोंदवही

प्रत्येक औषधीची नोंद ठेवावी. बेणे कोठून आणले, कोणी ओळख पटवली, कोणत्या दिशेस लावले, केव्हा व कोणता भाग काढला. संग्रहकालाचे चरकोक्त नियम आपणांस ठाऊकच आहेत. शाखा व पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात पाने गळाल्यावर, साल, कंद व क्षीर शरदात. अंगणातील एखाद्या कोपऱ्यात पानगळ लवकर होते, एखाद्यात उशिरा. अशा वेळी पंचांगापेक्षा झाडाकडे पाहून ठरवणे अधिक योग्य, असे माझे मत आहे. कीटकनाशके तर वापरूच नयेत. जे झाड फवारणीशिवाय जगत नाही ते बहुधा चुकीच्या जागी लावलेले असते. प्रथम जागा बदलून पाहावी.

आमच्या नोंदवहीत आज आठ द्रव्यांपुढे समाधानकारक शेरा आहे. कुड्याच्या दुसऱ्या रोपाने आता डोक्याएवढी उंची गाठली आहे, साल अजून घेतलेली नाही. प्रसारणी तेवढी राहिली आहे. मुळात ती पूर्व भारताच्या दमट प्रदेशातील. पश्चिम भिंतीवर ती एका उन्हाळ्यात गेली, उत्तरेकडे दोन उन्हाळे टिकली आणि तिसऱ्या मे महिन्यात गेली. यंदा तिसरी वेल हदग्याखाली, पिप्पलीच्या शेजारी, पाण्याच्या टाकीजवळ लावली आहे. चैत्रात तिला नवी पाने आली. वैशाखअखेर ती पाने हिरवी राहिली तर पुढच्या पावसाळ्यात तिचे फाटे मागणाऱ्या वैद्यांना देता येतील.